दुधाच्या दाताला हात लावायचा न्हाई

माझं माहेर कवठे येमाई, दिलेली कोरेगाव भीमाला. मला वरचे पुढचे दातच न्हाईत, खालचेबी दोन-तीन न्हाईत. मोडले न्हाईत, किडले न्हाईत, हिरडीत मुळी बीच नव्हतं. हे आता कळतंय. तवा काय, पोरीचे दुधाचे दात पडंनात म्हणून आमच्या आजीनं दोरा बांधून एकेक ओढला न् कौलावर फेकला, म्हणली आता बघ कसे पांढरेशुभ्र येतील. एकबी आला न्हाई. आन् बोल कुणाला, तर माझ्या आईला. पोटुशी असताना ग्रहण पाळलं न्हाई हिनं, विळी हातात घेतली. आई मरस्तोवर हेच ऐकत राहिली ताई, काय सांगू तुम्हाला, आत्ता बोलतानाबी माझं डोकं तापतंय.

शाळेत मला बोळकी म्हणायची. कंपनीत पॅकिंगला लागले तर डबा खाताना समद्या हसायच्या न् मी तोंडाला ओढणी लावून बसायची.

मग माझी पोरगी मोठी झाली, तिचे दोन दुधाचे दात पडले तिथं नवे आलेच न्हाईत, बाकीचे जागचे हलंनात. शिरूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेली. त्यांनी फोटो काढला, म्हणल्या, हिलाबी दुधाच्या दातांखाली पक्के दात न्हाईत, तुमच्याकडनंच आलंय, ग्रहणाचा काय संबंध न्हाई. हायत ते दुधाचे जपा, लई वर्षं टिकतील. मोकळ्या जागी काढता-घालता येणारे दात देते, वाढ पुरी झाली की स्क्रूचे बसवू. मी म्हणलं, माझे ओढले नसते तर? म्हणल्या, काही अजून असते. मी तिथंच रडले, रागानं रडले.

आन् दुसऱ्याच रविवारी बघते तर सासूबाई पोरीच्या दाताला दोरा बांधत्यात, जागा केल्याबिगर नवा कसा यील म्हणून. दोरा हिसकला, म्हणलं, आत्या, परत हात लावला तर पोरीला घिऊन माहेरी जाईन. मालक म्हणले, मोठ्या माणसांशी असं बोलत्यात का. व्हय, बोलत्यात.

परवा दिराच्या साखरपुड्याला दौंडला गेलो. पोरगी नवे दात घालून खदाखदा हसत हुती, तर तेवढ्यात ते दात निसटून ताटात पडले. सासूबाई म्हणल्या, अगं तोंड झाक, पाव्हणे बघत्यात. पोरीनं दात उचलले, पाण्यानं धुतले, समद्यांच्या म्होरं परत बसवले न् जिलबी मागितली.

म्या म्हणलं, दोन वाढा तिला.