एकदिलाचं भजनी मंडळ

...नाय नाय, त्या भजनी मंडळाचं नावच काढू नका माझ्याफुडं! तुमाला सांगतो, मानसं नायत ती, एका खुराड्यात कोंबलेले कोंबडे हायत, आन् सगळ्यांना आधी आरवायचंय!

आमच्या वाडीचा रिवाज काय? दर बेस्तरवारी एकाच्या घरी भजन. दिवेलागनीला जमायचं, चार अभंग म्हनायचे, गुळाचा चहा प्यायचा, सुटायचं. बरं चाललेलं का नाय? पन गिरनीत संप झाला आन् हा महिपती मुंबईवरनं गावाला आला! आल्या आल्या मला काय म्हनतो, "कोंडाजीकाका, मंडळ जगलं पायजे! मेंबर लोकांना इंट्रेस वाटला पायजे!" अरे मेल्या, मंडळ मेलंय कधी? धडधाकट मानसाला औषध पाजायला निघालास?

म्हने, आता कोनी मागं बसायचं नाय, प्रत्येकानं अभंग म्हनायचा, वर त्याचा अर्थ सांगायचा! आता आमचा कुशाबा... जन्मात 'बरं'च्या फुडं बोलला नाय हा मानूस. त्याला उभा केलान् अर्थ सांगायला. झालं! "तर माऊली काय म्हंत्यात... माऊली म्हंत्यात..." माऊली ऱ्हायली बाजूला, कुशाबाची म्हैस कशी अडली, मंग कशी व्याली, तिथपर्यंत अर्थ गेला! चहाचं पानी झालं! दुसऱ्या बेस्तरवारी बघतो तर सगळेच बुवा, टाळ कुटायला कोनी नाय! मंडळ जगलं पायजे म्हनं!

मी त्याच दिवशी सोडनार होतो, देवाशप्पत! पन गावचा सप्ता तोंडावर आलेला. सात दिवस देवळात वीणा खाली टेकवायची नाय, एकेका वाडीनं पहारा धरायचा. आमचा दुपारचा. आज्यापासनं आमचा! आमची मानसं हालली की खालची वाडी तो पहारा घेनार, टपूनच बसल्यात ती. मी जित्ता असताना? छे! म्हनून गेलो हो, नायतर थुंकलो नसतो त्या मंडळावर!

वीणा घातली माझ्या गळ्यात, आन् जुंपली ना ह्यांची! पयला अभंग कोनाचा? "माझा!" महिपती. "माझा!" कोन? कुशाबा! "मी नाय, तर बघतो कोन म्हनतो ते!" हा रुसून उठला, दुसरा त्याला समजवायला, तिसरा समजवनाऱ्याला आवरायला... देऊळ मोकळं! मंडळ जगलं पायजे म्हनं!

आता मी काय करू? वीणेकऱ्याला बसायचं नाय, वीणा ठेवायची नाय, तोंडात देवाबिगर शब्द नाय! मी आपला एकटा, "राम कृष्ण हरी", दात खात! दर 'हरी'ला महिपतीच्या बापजाद्यांचा उद्धार, मनातल्या मनात! पायांचे खांब झाले, घसा सुकला, एकजन पानी इचारायला फिरकला नाय.

पहारा सुटला तेव्हा म्हातारे पाटील आले. देऊळ मोकळं झाल्यावर पडवीत येऊन पडलेले, तिथनं ऐकत होते म्हने. "वा! काय एकी ह्या मंडळाची! एकाचाबी आवाज दुसऱ्याच्या वर जात नाय! पहारा ह्यांचाच!" आन् मानाचा नारळ कोनाला दिला? तेवढ्यात टोपी सावरत आलेल्या महिपतीला! तो मला वर सांगतो, "बघा काका, इंट्रेस आला का नाय?"

सोडनार! सोडनार म्हंजे सोडनार! फकस्त येत्या बेस्तरवारचं भजन आमच्याकडं हाय, बायकोनं, गोदूबाईनं, अंगन सारवून ठेवलंय... आता मी नाय म्हटलं, तर मंडळ जगायचं कसं हो?