मागच्या सीटला वारा येत नाही

हॅलो? … हॅलो, कोण? … हां, ठमे, तू होय! थांब थांब, हातात नळी आहे.

नाही गं, झाडांना पाणी नाही घालत. एसीची नळी. गाडीत गॅस भरतोय.

मीच. … घरीच, दारात, झाडाच्या सावलीत. … अगं, ओरडू नकोस, टाके ओढले जातील तुझे.

हो, हो… अगं ऐक ना! आधी ऐकून तर घे. गॅरेजवाला म्हणतो, पुढच्या आठवड्यात आणा. आणि तू उद्या सकाळी सुटणार दवाखान्यातून. मग काय करू? तूच म्हणालीस ना काल, एसी चालला तर बाळाला घेऊन माझ्याकडे, नाही चालला तर सासूबाईंकडे? … म्हणालीस. जावईबापू साक्षीला होते. विचार त्यांना.

बरोबरच आहे तुझं. त्यांचं घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, माझं दीड तासावर. कालपरवाचं बाळ, बाहेर हा उन्हाळा. भाजून काढायचंय का पोरीला? मीही तेच म्हणतो. म्हणून तर हा खटाटोप.

विहीणबाई चांगल्याच आहेत. मी कुठे काय म्हणालो? … नाही, टोमणा नाही. पण त्यांच्याकडे आधीच नातवंडांची फौज आहे. माझं हे पहिलंच खातं उघडलंय. जरा माझाही विचार कर.

थांब, फोन बॅटरीवर ठेवतो, स्पीकर लावून. … येतोय आवाज? … मी ओरडत नाहीये, इंजिनजवळ उभा आहे म्हणून… बरं, बरं.

हो, चष्मा लावलाय डोळ्यांना. … वाचायचा नाही, पोहायचा. तुझा शाळेतला. गुलाबी. दुकानदार म्हणाला, गॅस उडाला तर डोळे जातील आणि हातावर पडला तर कातडी गोठेल. म्हणून हातात भांडी घासायचे रबरी मोजे. … हस, हस. शेजारीणबाईही हसून गेल्या आत्ताच. कुत्र्याला फिरवत होत्या. ते कुत्रंसुद्धा थांबून बघत होतं.

हो, तेच. मोजेचोर. … मी काही बोललो नाही त्याला. नुसतं बघितलं रागाने.

आता ऐक, काय केलंय ते सांगतो. नुसता बघत नाही बसलो. सकाळी साबणाचं पाणी करून सगळ्या सांध्यांवर लावलं. कुठे बुडबुडे येतायत का बघितलं. … नाही आले. म्हणजे मोठी गळती नाही. गॅरेजवाल्याने फोनवर विचारलं, काका, एसी शेवटचा कधी लावला होता? म्हटलं, झाले बरेच दिवस. तो म्हणाला, मग तेच. एसी अधूनमधून चालवला नाही, तर आतली रबरं सुकतात आणि गॅस जातो हळूहळू.

का नाही लावला म्हणजे? … नाही लावला. खिडक्या आहेत की गाडीला.

ते सोड तू. मी आता डबा हलवतोय. … आला आवाज? खळखळ? … हां. नळी जाड पाइपावर लावायची, टोपणावर ‘एल’ लिहिलंय तिथे. दुसरीकडे लागतच नाही, तोंडच वेगळं केलंय. माझ्यासारख्यांचा विचार करून केलेलं दिसतंय. … बसली. टक्‌ झालं. आता नळीवरच्या मीटरचा काटा बघतो. हिरव्यात पाहिजे.

अरेच्चा.

काही नाही. … काही नाही म्हटलं ना. … अगं, काटा लालात गेलाय. म्हणजे गॅस कमी नाही, जास्तच आहे! बघ, म्हणजे मी उगीच… थांब, थोडा सोडून देतो बाहेर. …

काय झालं? … कोण ओरडतंय? … जावईबापू? द्या त्यांना द्या.

हां, बोला. … हो. … हो, लाल. … इंजिन? … इंजिन बंद आहे. … बंदच ठेवणार ना, हात आत घातलाय मी! …

असं होय. … म्हणजे बंद गाडीत काटा वरच दाखवणार. चालू करून बघायचं. … हो. … एसी पूर्ण, पंखा पूर्ण, दारं उघडी. … बरं झालं बाबा ओरडलात. नाहीतर उरलासुरला गॅसही हवेत सोडला असता मी. … कुठे वाचलंत? … फोनवर, आत्ता? अहो, मला दोन दिवस लागले एवढं शोधायला.

आभार कसले मानताय? तुमचंच नुकसान आहे यात. बायको मुलगी दोघी चालल्यात माझ्याकडे.

द्या तिला.

हां, ठमे. नवरा बरा शोधलास. … मीच शोधला? तेही खरंच.

थांब, किल्ली फिरवतो. … चालू झाली. … ऐकू येतंय? टक… टक… टक… हा कॉम्प्रेसर आहे. लागतो, सुटतो, लागतो, सुटतो. श्वास पुरत नाही त्याला. काटा बघ आता. खाली आला. हिरव्याच्याही खाली. म्हणजे गॅस कमीच होता.

भरतोय. … थोडा दाबायचा, सोडायचा, बघायचं. घाई नाही. तुझी आई म्हणायची ना, तुम्हाला घाई फार. आज ती असती तर… धर हा डबा, म्हटलं असतं. डबा बर्फासारखा झालाय. … नाही, मोजे आहेत हातात.

टक… टक… … आता बघ, दोन टकांमध्ये वेळ जायला लागला. … अजून थोडा. … काटा चढतोय. … चढतोय… … लागला! सुटत नाही आता! ठमे, काटा हिरव्यात!

बस्स. याच्या पुढे एक थेंब नाही. जास्त भरला तरी बिघडतो, माहीत आहे मला. … बंद केला. नळी काढली. टोपण लावलं.

आता फोन घेऊन गाडीत बसतो. … अहाहा. … अगं, अहाहा! गार! समोरून नुसता गार वारा! चष्म्यावर वाफ धरली. … काढतो, काढतो.

किती गार? मोजलं ना. म्हणजे मोजायला गेलो. बाळासाठी ताप बघायचा थर्मामीटर आणून ठेवलाय, तो जाळीत धरला. … त्यावर ‘लो’ येतंय. … पुन्हा धरला, पुन्हा ‘लो’. म्हणजे गाडीला ताप नाही, एवढं नक्की.

मग? येतेस ना? … खोली तयार आहे. खिडकीला गडद पडदा लावलाय, पंखा पुसलाय, पलंगाची जागा बदलली. … मला जमेल गं. आई नाही, मान्य आहे. पण दुपटी मी धुवीन, खिचडी मी करीन, रात्री उठायचं तर मी तसाही जागाच असतो. … रडत कशाला बसेन? जागा असतो म्हटलं. रेडिओ ऐकतो.

काय? … मागे? … हां, तू बाळाला घेऊन मागेच बसणार. बरोबर. पुढे नकोच. मागची जाळी बघतो. … त्या दोन जाळ्या आहेत ना, पुढच्या सीटांच्या मधे, मागे तोंड करून… तिथून…

… …

हात धरून बघितला. … वारा येत नाहीये.

नाही, पंखा पूर्ण आहे. पुढे टोपी उडेल एवढा वारा, मागे काही नाही. … झडप उघडीच आहे. झडपेचं छोटं चाक इकडे तिकडे फिरवून बघितलं. … छ्या!

अगं, लगेच सासूबाईंना फोन नको करूस! … थांब. … मला माहीत आहे पुढच्या वाऱ्याने भागणार नाही. खुर्च्या उंच आहेत, तुमच्यापर्यंत यायचाच नाही. … हो, बाळाला घाम आलेला मलाही नको आहे. पण दहा मिनिटं दे. दे ना गं. एवढं केलंय.

मागे तुझी आई बसायची तेव्हा नीट होतं की सगळं. … हो, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती मागेच बसायची, पाय लांब करून. लोकांना मी ड्रायव्हर वाटायचो. पेट्रोलपंपावरचा एकदा म्हणाला, बाईसाहेबांना विचारा, टाकी फुल्ल करू का. आणि या बाई मागून म्हणतात, करा! तोंड फिरवून हसत होती घरी येईपर्यंत.

चमचा घेतोय. जाळी उचकटायची आहे. … तुटली तर तुटली. … हं. … हं… निघाली.

आत काहीतरी आहे.

उंदीर नाही. … मेलेला पण नाही. मऊ आहे. … कापड. … चमच्याच्या टोकाने ओढतोय… लांबच लांब आहे… येतंय… …

… …

मोजा आहे.

माझा. करडा. टाच रफू केलेली.

अगं, मोजा! पायातला! … दुसऱ्या जाळीत पण? बघतो. … … हो. आहे. हा निळा. निळ्या जोडीतला. दोन्ही जाळ्यांत एकेक, पार आतपर्यंत ठासलेले.

मी कशाला घालू? … मी नाही घातले, ठमे.

… …

हो. तिनेच.

हसतेस काय गं तू… हसतेस काय! बरी टाक्यांची काळजी नाही आता! … अगं, मला कळायला नको? आयुष्यभर भांडली माझ्याशी एसीवरून. मी लावायचो, ही म्हणायची बंद करा, कान दुखतात. मी म्हणायचो, झडप बंद कर तुझी. ती बंद करायची, मला आरशात दिसायचं, की मी सिग्नलला मागे हात घालून पुन्हा उघडायचो. … चिडवायला. दुसरं काय.

आणि मग अचानक बोलायचीच बंद झाली. शाल गुंडाळून गप्प बसायची. मी म्हणायचो, बघ, झाली की नाही सवय? ती म्हणायची, झाली हो. तुम्ही जिंकलात.

जिंकलात म्हणायची, ठमे! आणि झडप उघडी ठेवायची, मला दिसावी म्हणून!

विणायच्या सुईने ढकलले असणार. दुसऱ्या कशानेच एवढ्या आत नाही जायचे. … आणि एकाच जोडीचे दोन घ्यायचे ना! दोन जोड्या फोडल्या. मी किती शोधले. गच्चीवर बघितलं, मशिनच्या मागे हात घातला. आणि ती माझ्याबरोबर शोधत होती! पलंगाखाली बॅटरी मारून! तीच म्हणाली, शेजारचं कुत्रं तर नेत नसेल?

हो ना. त्या बिचाऱ्याला मी चोर ठरवलं. उद्या बिस्किट देतो त्याला. नको, तू येतेस, उद्या वेळ नाही. आजच देतो.

… …

मोजे झटकून बॉनेटवर ठेवले.

का नाही लावला विचारलंस ना मघाशी. … सांगतो. ती गेल्यावर पहिल्यांदा गाडीत बसलो, बटणाकडे हात गेला. आणि मागून कुणी काही बोललंच नाही. मग नाही लावला. नंतरही नाही. एवढंच. … काही विशेष नाही त्यात. रबरं सुकली फक्त.

अगं, तू नको आता सुरू होऊ. दूध पाजायचंय तुला. … नाक पूस.

बरं, मागे वारा यायला लागला बघ. … मस्त. दोन्हीकडून. थर्मामीटर म्हणतो, ‘लो’. … मग? काय ठरलं?

खरंच? … जावईबापूंना विचारलंस? … मान हलवली? कशी, उभी की आडवी? … बरं. बरं! मग विहीणबाईंना तू सांग. मी नाही सांगणार. त्यांना म्हणावं, रोज या, गाडी पाठवतो. गार गाडी.

सकाळी येतो. उन्हं चढायच्या आत. … गाडी आधी थंड करून ठेवीन दारात. … हो, बाळाची सीट घट्ट बसवलीय. शेजारीणबाईंनी दोनदा हलवून बघितली.

काय? … थेट वारा बाळाच्या अंगावर नको? … नर्स म्हणाली? … हं. खरंय. झडप बंद करू? … ती पूर्ण मिटत नाही गं, फट राहते. म्हणून तर तिने…

… …

ठमे, विणायच्या सुया कुठे ठेवायची ती?

नाही गं, विणायला कुठला शिकतोय या वयात! सांग तर. … कपाटात? … खालचा खण. बरं, आत आलोय. … इकडे टाचण्यांचा डबा आहे. … लोकरीच्या मागे? … हां. सापडल्या. जाड घेऊ की बारीक? … जाडच घेतली असेल तिने.

अगं, एकच मोजा. बाळाच्या बाजूचा बंद, तुझ्या बाजूचा मोकळा. … करडा घालतो, तो जाड आहे. … तसाच कसा घालीन? धुतो आधी. ऊन आहे, तासाभरात वाळेल.

रडतेय का ती? … फोन जवळ धर तिच्या. … अरे बापरे! केवढा आवाज! ही आजीवर गेली. … तिला सांग, उद्या थंडी वाजायची नाही. आजीने सोय करून ठेवलीय.

हो, जेवलो. … नाही, जेवतो. … हो, हो, चष्मा काढतो आधी.

ठेव आता. मोजा धुवायचाय.