बेडूक माझ्या टेबलावर आलाच नाही

...नाही हो, खुर्ची चांगली आहे, मागे रेलते, गोल फिरते, खुर्चीबद्दल तक्रार नाहीच, तक्रार ही की त्या खुर्चीत बसून मी दिवसभर करतो काय? तुम्हाला सांगतो, मॅनेजर होऊन आठ महिने झाले, आणि रोज संध्याकाळी मी बूट काढायच्या आत आई विचारते, "काय रे, आज दिवसभर केलंस काय?" पूर्वी कोड लिहायचो तेव्हा ताठ मानेनं सांगायचो, हे लिहिलं, ते दुरुस्त केलं, तिला ओ की ठो कळायचं नाही, पण "वा" म्हणायची. आता काय सांगू? सहा मीटिंगा केल्या? त्यातली एक तर पुढची मीटिंग कधी घ्यायची ह्यावरच होती...

तर मंगळवारी तक्रार आली, आमच्या सिस्टिममधून निघणाऱ्या तिकिटांवर तारीख चुकतेय. म्हटलं, दोन ओळींचं काम, पोरांना कशाला सांगायचं? केबिनचं दार लावलं आणि चोरून सिगारेट ओढावी तसं चोरून कोड लिहिला. आता कोड दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा, हा नियम कुणाचा? माझाच. पण मला कोण तपासणार? दिला ढकलून थेट चालू सिस्टिममध्ये. दहा मिनिटांत सगळं ठप्प. तारीख राहू दे, तिकीटच निघेना.

आमच्याकडे एक हिरवा प्लास्टिकचा बेडूक आहे. जो सिस्टिम बंद पाडेल त्याच्या टेबलावर तो बसतो, पुढचा शहाणा मिळेपर्यंत. ही पद्धतही मीच पाडली, आणि खोटं कशाला बोलू, कोड लिहायचो तेव्हा सगळ्यात जास्त मुक्कामही माझ्याच टेबलावर.

म्हणून मी वाट बघत बसलो. काचेतून दिसत होतं, सगळे एका स्क्रीनभोवती, कुजबुज चाललेली, आणि त्या दोन ओळींपुढे माझं नाव ढळढळीत. शेवटी टीममधली सगळ्यात नवी मुलगी आत आली. "सर, झालं सुरू. सर्व्हरचंच काहीतरी होतं."

सर्व्हरचं म्हणे... माझ्यासाठी खोटं बोलत होती बिचारी, आणि माझे कान लाजेनं तापले.

"अगं, नाव आहे ना माझं त्यावर? आण तो बेडूक."

"नको ना सर."

"का? मी साहेब म्हणून?"

"तसं नाही सर..." ती दाराच्या मुठीशी चाळा करत राहिली. "बेडूक कोड लिहिणाऱ्यांचा असतो."

किती मऊ आवाजात म्हणाली हो. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तोंड लपवायला जागा नाही, केबिनही काचेची... मी आपलं म्हटलं, "बरं, बरं, छान," आणि सातव्या मीटिंगला गेलो.

घरी आलो. एक बूट काढला.

"काय रे, आज दिवसभर केलंस काय?"

"सगळं बंद पाडलं, आई."

"सगळं? तू एकट्यानं?"

"एकट्यानं."

आठ महिन्यांनी "वा" म्हणाली हो.