अडीचशे ग्रॅमची पिशवी

सून : अहो बाबा, हे कुकीचं पीठ आहे की कोरडं सिमेंट?

बाबा : पीठच आहे. पुस्तक म्हणतं, मिश्रणाचा मऊ गोळा होईल. मी त्याला पंचवीस मिनिटं संधी दिली. गोळा होण्याची त्याची इच्छा दिसत नाही.

सून : मी अंघोळीला गेले, तेवढ्यात सगळं मिसळून मोकळे झालात? थांबा म्हटलं होतं ना मी!

बाबा : तू इथे असतीस तर मदत केली असतीस. मदत चालणार नाही, हे ठरलं होतं. या कुकीज माझ्या उजव्या हाताने व्हायच्या आहेत. अंडंसुद्धा मी उजव्याच हाताने फोडलं.

सून : खरंच? एका हाताने?

बाबा : एका हाताने. टरफलाचे दोन तुकडे आत पडले, ते चमच्याने काढले. अर्धांगाचा झटका आला तेव्हा या हाताला तो चमचाही धरता येत नव्हता. चौदा महिन्यांत चमच्यापासून अंड्यापर्यंत. वाईट नाही.

सून : मग मला हाक नाही मारायची? मला बघायचं होतं हो!

बाबा : साबण लावलेल्या माणसाला अंड्यासाठी हाक मारणं प्रशस्त दिसलं नसतं.

सून : बरं, जाऊ दे. सव्वातीन झाले. पाच वाजता फिजिओताई येणार, आणि आजची त्यांची शेवटची खेप. उद्या सकाळी त्या बदलीच्या गावी निघाल्या की संपलं.

बाबा : म्हणूनच घाई आहे. डबा आज त्यांच्या हातात पडला नाही, तर पुढे कधी पडणार? शिवाय हे पुस्तकही त्यांचंच. 'मळणं, फोडणं, थापणं, सगळे व्यायाम यात आहेत, साहेब' म्हणून देऊन गेल्या होत्या. ते रिकाम्या हाताने परत करणं मला बरं वाटत नाही.

सून : तुम्ही आणि भेट देणार! छत्तीस वर्षं वजनमापांच्या खात्यात काढलीत, कुणाचा चहा घेतला नाहीत, कुणाला दिला नाहीत.

बाबा : ज्याचा काटा तपासायचा त्याचा चहा प्यायचा नाही. त्यात चूक काहीच नव्हतं. फक्त आभार मानायची सवय तेवढी लागली नाही. तोंडाने मानायला गेलो, की सरकारी पत्र बाहेर पडतं.

सून : ते मात्र खरंय. लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना तुम्ही म्हणाला होतात, 'आपल्या सहकार्याची नोंद घेतली आहे.'

बाबा : घेतली होती.

सून : घेतली होती म्हणे! बरं, हे पीठ बघू. मैदा जास्त झालाय. वाटीने घेतलात ना?

बाबा : वाटी हे भांडं आहे, माप नव्हे. या पानावर साखर एक वाटी, कोको चार चमचे, बटर दीड पाकीट, आणि मीठ तर चिमूटभर. कुणाची चिमूट? शेवटी लिहिलं आहे, 'सोनेरी होईपर्यंत भाजा.' मूळ पदार्थ चॉकलेटचा, रंगाने काळा; तो सोनेरी होणार कसा? अख्ख्या पानावर विश्वास ठेवण्याजोगी ओळ एकच : मैदा, अडीचशे ग्रॅम. ती मी तंतोतंत पाळली.

सून : पण मोजलात कशावर? आपल्या वजनकाट्याची बॅटरी तर गेलीये.

बाबा : असती तरी मी तो वापरला नसता. दोन वर्षांत तो कुणी तपासलेला नाही. मी माझा तराजू काढला.

सून : शोकेसमधला? निवृत्तीला मिळालेला? अहो, पण त्याला वजनं कुठायत?

बाबा : वजनं नाहीत. शिक्क्याची वजनं सरकारी मालमत्ता; ती निरोप समारंभात वाटत नाहीत. म्हणून घरातलंच एक वजन घेतलं.

सून : कुठलं?

बाबा : व्यायामाची पिशवी, रोज उजव्या हाताने उचलतो ती वाळूची. तिच्यावर स्वच्छ अक्षरात 'अडीचशे ग्रॅम' लिहिलेलं आहे. एका पारड्यात ती ठेवली, दुसऱ्यात मैदा ओतत गेलो. काटा मधोमध आला, थांबलो.

सून : अगं बाई!

बाबा : काय झालं?

सून : कुठे काय? काही नाही. मी म्हणते, थोडा मैदा चाळून परत काढता येईल का?

बाबा : बटर लागलेला मैदा चाळणीतून परत येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. असो. एक गोष्ट मलाही खटकली आहे. मैद्याचा पुडा अर्ध्या किलोचा होता, मीच फोडला. तो पूर्ण रिकामा झाला.

सून : हो का?

बाबा : अर्थ उघड आहे. कंपनीने पुड्यात निम्माच माल भरला. रिकामा पुडा टाकू नकोस, तो पुरावा आहे. माझा चष्मा आणि कागद आण. तक्रार करायला निवृत्त माणूसही चालतो.

सून : बाबा, तक्रार नको.

बाबा : का नको? पन्नास टक्के तूट! एवढा निर्लज्ज गुन्हा मी नोकरीतसुद्धा पाहिला नाही.

सून : अहो, कंपनीवर असं खापर फोडू नका. आधी पडताळून बघा. हा साखरेचा पुडा घ्या, अर्धा किलो, न फोडलेला. ठेवा पिशवीसमोर.

बाबा : ठीक. इकडे साखर. इकडे पिशवी. काटा... मधोमध.

सून : बघा.

बाबा : म्हणजे साखरेच्या कंपनीनेही निम्माच माल भरला आहे.

सून : बाबा!

बाबा : शक्यता कमी आहे, शून्य नाही.

सून : बसा तुम्ही. आधी खुर्चीवर बसा, मग सांगते. त्या पिशवीत अर्धा किलो वाळू आहे. मीच भरली. टाके माझे, लेबलवरचं अक्षरही माझंच.

बाबा : तुझं?

सून : फिजिओताईंनी सांगितलं म्हणून. तुम्ही त्यांना तो हाताच्या ताकदीचा आलेख काढून दाखवला होतात, आठवतंय?

बाबा : चांगला आठवतो. सहा आठवडे रेघ सपाट होती. त्यावरून मी निष्कर्ष काढला, की हा हात अडीचशेच्या वर जाणार नाही.

सून : निष्कर्ष काढलात आणि मोठी पिशवी हातात धरायलाच नकार दिलात. त्या आठवडाभर विनवत होत्या. तुम्ही आपले आलेखावर बोट ठेवून बसलात. मग एकदा जिन्यात त्या मला म्हणाल्या, 'हात तयार आहे गं, साहेबांचं डोकं तयार नाही. आपण डोक्याला कळवायचंच नाही.'

बाबा : आणि तुम्ही दोघींनी खोट्या लेबलाचं वजन वापरात आणलं.

सून : एकदम नाही काही. दर रविवारी शिवण उसवायची, मूठभर वाळू घालायची, परत टाके घालायचे. दोन महिने चाललं होतं.

बाबा : रविवारी?

सून : तुम्ही दुपारचे झोपलात की.

बाबा : माझ्या वहीत दर सोमवारी एक नोंद आहे. 'हात जड. कारण अज्ञात.' आठ सोमवार. मी हवेला दोष दिला, झोपेला दिला, तुझ्या वांग्याच्या भाजीलाही दिला.

सून : भाजीला? ते मला नव्हतं माहीत.

बाबा : तो आरोप मी मागे घेतो. थांब. पिशवीला डावा हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम...

सून : डाव्या हाताला लगेच कळलं असतं ना! तो अजून दहा ग्रॅमची चोरी पकडतो.

बाबा : आजही मी ती उजव्यानेच उचलली. कपाटातून काढली, ओट्यापर्यंत आणली, पारड्यात ठेवली. अर्धा किलो. आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही.

सून : रागावलात?

बाबा : कमी वजन देणारे मी शेकड्यांनी पकडले. सांगायचं एक आणि द्यायचं दुप्पट, असा गुन्हेगार पहिल्यांदाच हाती लागला आहे. कलम कुठलं लावायचं, तेच सुचत नाही.

सून : कलम नंतर शोधा. या सिमेंटचं काय करायचं ते बोला. टाकून द्यायचं?

बाबा : छे. मैदा दुप्पट पडला आहे, तर बाकी सगळं दुप्पट करायचं. बटर किती आहे?

सून : तीन पाकिटं होती. दीड गेलं, दीड उरलं.

बाबा : साखर आहे, कोको आहे. अंडी?

सून : एकच आहे हो. आणि खालचं दुकान पाचशिवाय उघडत नाही. दे... द्या इकडे, हे एवढं मी फोडते.

बाबा : नाही.

सून : अहो, फुटलं वेडंवाकडं, सांडलं ओट्यावर, तर काय देणार त्यांना?

बाबा : ते मलाही कळतं. अंडं माझ्या हातात दे. मघाशी तुला बघायचं होतं ना? बघ आता.

सून : बरं. जरा आडवं धरा.

बाबा : सूचना नको.

सून : अंगठा तेवढा...

बाबा : सूनबाई.

सून : बसले गप्प.

बाबा : हं.

सून : अय्या! एकही टरफल नाही! बाबा, एकसुद्धा नाही!

बाबा : पहिल्या प्रयोगापेक्षा सुधारणा आहे. तू का रडतेस?

सून : रडणारच. चौदा महिने तुमच्या शर्टाची बटणं लावलीत मी, तेवढा हक्क आहे माझा.

बाबा : तेरा. गेला महिनाभर माझी मीच लावतो आहे.

सून : बरं बाई, तेरा!

बाबा : त्या तेरा महिन्यांबद्दल मी तुला कधी काही बोललो नव्हतो.

सून : नाही बोललात.

बाबा : आता बोललो आहे, असं समज.

सून : नोंद घेतली.

बाबा : आता तू बाजूला हो, मला मळू दे. आणि ते सोनेरीचं कोडं सोडव. ओव्हनमधून काढायच्या कधी?

सून : कड घट्ट झालेली हवी, आणि मधे बोट टेकवलं तर बारीकसा खळगा पडायला हवा. गार झाल्या की आपोआप कडक होतात.

बाबा : हे तपासता येतं. मग पुस्तकात हेच का लिहीत नाहीत?

(पाच वाजता दारावरची घंटा वाजते. तराजू शोकेसमध्ये परत गेला आहे. टेबलावर एक पुस्तक आणि कागदी लेबल चिकटवलेला पत्र्याचा डबा. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आहे, काढलं आहे, पुन्हा लावलं आहे.)

फिजिओताई : काय वास सुटलाय! जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले मी. चला निरीक्षकसाहेब, शेवटची परीक्षा. पिशवी कुठाय?

बाबा : पिशवी जप्त केली आहे.

फिजिओताई : म्हणजे?

सून : कळलं त्यांना. त्याच पिशवीने मैदा मोजला त्यांनी.

फिजिओताई : मेले! साहेब, मी तिकडे पोचले की पत्र लिहून सगळं सांगणार होते. समोर बोलायचा धीर नव्हता. फसवलं मी तुम्हाला. तुमचा आलेख खोटा नव्हता, पण...

बाबा : आलेख खरा होता, निष्कर्ष चूक होता. सहा आठवड्यांच्या रेघेवरून मी उरलेल्या आयुष्याची रेघ ओढली. खात्यात एखाद्या नवख्याने असा अहवाल दिला असता, तर मी तो त्याच्यासमोर फाडला असता. तुम्ही माझा मला न कळवता फाडलात.

फिजिओताई : रागावला नाहीत ना?

बाबा : हे तुमचं पुस्तक. कुकीजच्या पानावर बटरचा डाग पडला आहे, तो माझा. आणि हा डबा.

फिजिओताई : मला? तुम्ही केल्यात?

बाबा : उजव्या हाताने. दोन अंडी लागली. साक्षीदार एकाच अंड्याला आहे, पण दुसऱ्याबद्दलही माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सून : मी शपथेवर सांगते, ताई. मदत करू दिली नाही मला.

फिजिओताई : साहेब, मी काय बोलू आता?

बाबा : तुम्ही काही बोलू नका. मलाही बोलता येत नाही, म्हणून तर भाजल्या. घ्या. अंहं, डावा हात लावायचा नाही.

फिजिओताई : बरं, उजव्याने. अहो! केवढा जड आहे हा! वर तर 'अडीचशे ग्रॅम' लिहिलंय.

बाबा : हो. तेही उजव्याच हाताने लिहिलं आहे.