पहिलं पान लेकीचं

मंडळी, ऐका! मला सांगा — प्रसाद टाकणं हे पाप, की प्रसादानं माणूस आजारी पाडणं हे पाप? सांभाळून हं! उत्तर दिलं तर घरी जाऊन फडताळ उघडावं लागेल!

खैरवाडी नावाचं गाव. मारुतीचा उत्सव. सगळा कारभार धोंडिबातात्यांकडे. मोठे भाविक, पण रीतीचे पक्के! आणि गावची रीत अशी, की पाहुण्या बुवांचं पान वाढल्याशिवाय प्रसादाला कुणी हात लावायचा नाही.

झालं! मसालेभात सकाळीच शिजला, झाकण लावून मांडवात ठेवला. वर चैत्राचं ऊन — आणि बुवांची जीप बसली घाटात रुसून! पोरं भुकेनं रडकुंडीला आली, तात्या हलेनात. दिवस कलल्यावर बुवा पोचले. भाताला हात लावून पाहिला, तर कोमट. कधीचा म्हणून विचारलं, तर सकाळचा.

"तात्या, हा आता मातीत पुरा."

मांडवात एकच कालवा! तात्या तापले. म्हणाले, वास बघा, कुठे बिघडलाय? मारुतीचा प्रसाद बाधतो का कधी? वाटल्यास परत गरम करतो. बुवा म्हणाले, "अहो, जंतूंचा वास येतोच असं नाही. कोमट भातात ते वाढतात, विष सोडतात. ते विष उकळून जात नाही."

तात्या कसले ऐकतात! वाढपी निघाले. तेव्हा बुवांनी पंगतीत बोट दाखवलं. तिथे तात्यांची लेक रेवती बसली होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा लागलेला.

"एवढा भरवसा आहे ना? मग पहिलं पान आज माझं नको. लेकीचं वाढा."

तात्यांनी डाव उचलला, लेकीच्या पानापर्यंत नेला. ती म्हणाली, "वाढा ना बाबा, फार भूक लागलीय." आणि हात थांबला! भात तोच, श्रद्धा तीच — मग का थांबला? अहो, दुसऱ्याच्या लेकरांना वाढताना थांबत नव्हता तो!

तात्यांनी स्वतः खड्डा खणला. चुलीवर नवं आधण चढलं, आणि गावानं पिठलं-भात वाफाळता खाल्ला.

हसू नका, मंडळी! रात्रभर ओट्यावर राहिलेली आमटी सकाळी कामवाल्या बाईच्या ताटात कोण वाढतं? उरलं तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर बेतानं शिजवा.

आणि तिकडे बघा, आपल्या भाताची वाफ निघतेय. आचारी माझ्याकडे बघतायत! माझा एक अभंग राहिलाय — राहू दे. अभंग उद्याही ताजा असतो, भात नसतो. उठा, पानं मांडा!