वर जाणारी रेघ

— नाही हो, बसा की. खुर्ची माझीच आहे, पण मला उभंच राहायचं असतं, नियमच आहे तसा. ज्याचा फलक त्याने फलकाशेजारी उभं राहायचं, छातीला नावाचं कार्ड लावायचं, चेहरा हसरा ठेवायचा आणि कुणी आलं की समजावून सांगायचं. वर्षातून एक दिवस आमची संस्था सगळ्यांना खुली असते ना, तेव्हाचा हा थाट. दहापासून उभा आहे. किती लोक आले म्हणता? तुम्हाला धरून दोन. पहिल्या बाईंना स्वच्छतागृह कुठे आहे ते हवं होतं. आणि तुमचा गुडघा दुखतोय म्हणून तुम्ही टेकलात, ते दिसतंय मला, मी काही मनाला लावून घेत नाही. नातवंडं तिकडे दुर्बिणीच्या रांगेत ना? मग अर्धा तास गेलाच समजा. दुर्बिणीपुढे माझ्या फलकाचं काय चालणार? त्यावर आहे काय, तर एक रेघ. डावीकडून निघते, बराच वेळ लोळत पडल्यासारखी आडवी जाते आणि मग वर चढायला लागते.

कशाची आहे म्हणून विचारलंत, बरं वाटलं. डोंगराची आहे. डोंगर हलतो हो — म्हणजे आपल्याला दिसत नाही, पण उतारावर एखादी भेग पडते, आणि ती रुंदावत जाते. मी काय करतो, भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकतो, मधे तार ताणतो, आणि दर पंधरा दिवसांनी वर चढून अंतर मोजतो. मोजलं, वहीत लिहिलं, उतरलो. सव्वीस वर्षं हेच. लग्नाचं राहूनच गेलं, वहिनी म्हणायची, भाऊजींनी खुंटीशीच लग्न लावलंय. हा जो डोंगर आहे ना रेघेतला, तिथे पहिल्या वर्षी भेग वाढली ती नखाएवढी. दुसऱ्या वर्षी दोन बोटं. तिसऱ्या वर्षी माझा हात आत जायला लागला. ही रेघ बघितली की आमच्यातल्या कुणालाही पुढे काय होणार ते कळतं, काही लिहावं लागत नाही, बोलावं लागत नाही. आमच्यातल्या कुणालाही, म्हटलं मी. तुम्हाला कळलं का? नाही ना. तेच तर.

आता म्हणे आम्हाला बोलायला शिकवतात. गेल्या महिन्यात एक बाई आल्या होत्या, हुशार, माझ्या पुतणीच्या वयाच्या. म्हणाल्या, तुम्ही लोक एकमेकांशीसुद्धा धड बोलत नाही, लोकांशी काय बोलणार? खरं आहे. आमच्या शेजारच्या खोलीत पावसाची मोजमापं घेणारा बसतो, त्याचे आकडे मला मिळायला चार महिने लागायचे, भिंत एकच, पण आकडे जायचे ते वरच्या मजल्यावरून फिरून. तर त्या बाई म्हणाल्या, एकच वाक्य लिहा. घरातल्या माणसाला सांगताय असं समजा आणि तुमचं सगळं काम एका वाक्यात लिहा. बाकीच्यांनी दहा मिनिटांत लिहून दिलं. मी एकोणीस कागद फाडले. त्यांना वाटलं, मला सोपं लिहिता येत नाही. तसं नव्हतं ते. घरातल्या माणसाला सांगताय असं समजा, म्हणाल्या ना — तिथेच माझं पेन अडलं.

कारण माझा दादा राहायचा तिथे. हो, याच डोंगराखाली, भेगेच्या बरोबर खाली. झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं त्याचं. हातात येईल ते लॅमिनेट करायचा हो, पोरीची गुणपत्रिका, बसचं वेळापत्रक, आमच्या आईची भाजीची यादीसुद्धा ठेवली होती त्याने, ती गेल्यावर. दर रविवारी दहाला फोन करायचा, जेवलास का म्हणून. सकाळी दहाला कोण जेवतं? पण विचारायचा. आता तीन वर्षं झाली, मी अजून रविवारी दहाला फोनपाशी जाऊन बसतो, सवय आपली.

तर या भेगेचा माझा अहवाल लिहून झाला होता, पण समितीकडे होता. समितीची सही होईस्तोवर बाहेर अवाक्षर काढायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. आठ महिने होता तिथे. मी विचार केला, शब्द काढायचा नाही ना, मग शब्द नकोच. नुसती ही रेघ पाठवली दादाला, पाकिटात घालून, खाली डोंगराचं नाव आणि सालं. चिठ्ठी नाही, सही नाही. केवढं धाडस केलं असं वाटलं होतं मला. मला वाटलं, बघेल आणि समजेल, सामान बांधेल. आणि त्याने काय केलं सांगू? लॅमिनेट केली. भिंतीवर लावली, दारासमोरच. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, आमच्या धाकट्याने काढलंय, बघा कशी वर चाललीय. वर जाणारी रेघ म्हणजे चांगलंच असणार ना — दुकानदार माणूस तो, त्याला आणखी काय वाटणार?

मला कसं कळणार की त्याला कळलं नाही? मी इथे, तो तिथे. मला वाटलं, कळलं असेल — नाही. थांबा. तुम्ही अनोळखी आहात, अर्ध्या तासाने उठून जाल, तुमच्याशी कशाला खोटं बोलू? मला कळलं होतं. त्या रविवारी फोनवर तो म्हणाला, चित्र मिळालं रे, तुझ्या वहिनीलाही दाखवलं, दोघांना फार बरं वाटलं. बरं वाटलं, म्हणाला. ती रेघ बघून ज्याला बरं वाटतं त्याला काय कळलं असेल? मी तेव्हाच बोलायला हवं होतं, दादा, आजच्या आज निघ. मी म्हटलं, हो का, छान. समितीची बैठक दोन महिन्यांनी होती. नंतर सात रविवार फोन आला, सातही वेळा मी जेवलो म्हणून सांगितलं. आठव्या आठवड्यात चार दिवस पाऊस लागला आणि डोंगर खाली आला, भरदुपारी. दादा दुकानातून घरी येऊन जरा आडवा झाला होता. वहिनी लेकीकडे गेली होती म्हणून वाचली. समितीने नंतर सही केली, अहवाल उत्तम आहे असा शेराही दिला.

चिखल उपसताना ती रेघ सापडली. लॅमिनेट केलेली ना, पाण्याने धुतली, जशीच्या तशी. वहिनीने लेकीच्या घरी लावलीय, रोज पुसते. ह्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं, भाऊजींनी पाठवलेलं, असं सांगते सगळ्यांना. परवा तिचा फोन आला. भाऊजी, तुमच्याकडे लोकांना समजावून सांगतात म्हणे, मी येते चारला, आमच्या चित्राचा अर्थ सांगा एकदा, ह्यांच्या फार मनात होतं विचारायचं. फार मनात होतं, म्हणाली. मग तो विचारायला लाजला असेल हो. आणि मी सांगायला घाबरलो.

किती वाजले? चारला पाच कमी. हा वर लावलाय ना तो जुना फलक आहे, तो तिला कळणार नाही, मी दोन मोठे शब्द वापरले की मान डोलावेल आणि डबा पुढे करेल. सोपा फलक तुमच्या खुर्चीखाली आहे, गुंडाळी करून ठेवलेला. विसाव्या कागदावर जमलं शेवटी वाक्य: ही रेघ वर चढू लागली, की खालच्या माणसांनी घर सोडून निघून जायचं. त्या शिकवणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. सकाळपासून लावला नाहीये मी तो. तो लावला तर तिला सगळं कळेल, आणि मग माझ्याशी बोलणारं या जगात कुणी उरणार नाही.

ती बघा, दाराशी. राखाडी शाल, हातात डबा. मलाच शोधतेय, इकडे बघितलं नाही अजून. — उठता का जरा? गुडघ्याला त्रास देतोय, पण ती गुंडाळी काढा. हं. त्या टोकाला धरा. आणखी वर. सरळ आहे ना? झालं. आता तुम्ही जा, नातवंडं वाट बघत असतील. खुर्ची राहू द्या तिथेच, वाचून झाल्यावर तिला बसावं लागेल.