लाल दिवा लागला की

जळगावला मोतीलालच्या स्टुडिओत कौतिक पासपोर्ट फोटोसाठी केस विंचरून बसला होता. पुढे चोपड्याचे चुडामणआबा भाड्याने नेलेला व्हिडिओ कॅमेरा परत करत होते. भाचीच्या लग्नाचं शूटिंग त्यांनीच केलं होतं.

“मोतीलालभाऊ, कॅसेटमा लगनच नही शे. नुसत्या चपला शेत.”

“आबा, बटण दाबल्यावर लाल दिवा लागत होता ना?”

“हां, लागे. लाल दिसना का मी लगेच बंद करू, शूटिंग सरनं का परत बटन दाबीसन लाल करू.”

“अहो, लाल म्हणजे शूटिंग चालू.”

“मी तीस वरीस एसटी चालाडी. लाल म्हणजे थांबनं.”

“म्हणजे नवरानवरीसमोर बंद, आणि कॅमेरा खांद्याला लोंबकळताना चालू?”

“हां. पन आवाज बठ्ठा येल शे.”

कौतिकने हसू लपवायला खिडकीकडे तोंड फिरवलं.

“सगळा? कसला आवाज?”

“मनी बहीन रांधता रांधता विहीणले नावं ठेवस. अर्धा तास.”

“तुमची बहीण? मग ते पुसून टाकू.”

“कशी पुसशी? मी न पाहताच कॅसेट पाचोराले धाडी दिधी. विहीणनी पाही, तिनीच माले हाई बठ्ठं सांगं, आते चार कॉप्या मांगस.”

“चार कशाला?”

“तिन्या चार बहिनी शेत.”